कापसाच्या काड्या, उलुरूचा फोटो आणि एक आजी: तिसरी-चौथीच्या वर्गातलं एक प्रकरण

मेलबर्नच्या पश्चिमेकडच्या एका सरकारी प्रायमरी शाळेत मी तिसरी-चौथीचा एकत्र वर्ग घेते. मुलं २३, त्यातली निम्मी तरी भारतीय घरांतली, तीन घरांत मराठी बोलतात. इकडं टर्म टू म्हणजे एप्रिल ते जून, त्यातच २६ मेला सॉरी डे येतो (इथल्या मूळ रहिवाशांची मुलं सरकारनं घरांतून काढून नेली त्याच्या आठवणीचा), २७ मे ते ३ जून रिकन्सिलिएशन वीक, म्हणजे सलोख्याचा आठवडा, म्हणून ह्या मूळ रहिवाशांच्या, म्हणजे अबोरिजिनल आणि उत्तरेकडच्या बेटांवरच्या टोरेस स्ट्रेट आयलंडर लोकांच्या, संस्कृतीचं युनिट बऱ्याच शाळा त्याच टर्ममध्ये बसवतात. अभ्यासक्रमात खरं तर हे सगळ्याच विषयांत मिसळून यायला हवं असं लिहिलंय, पण प्रत्यक्षात काय होतं ते कुठल्याही टीचरला विचारा, सहा आठवडे, एक डिस्प्ले बोर्ड, संपलं.

मागच्या वर्षी ह्या युनिटमध्ये जे झालं ते दोन-तीन मैत्रिणींना फोनवर तुकड्या-तुकड्यांत सांगून झालंय, आता एकदा सलग लिहून काढते. मुलं आणि घरं ओळखू येऊ नयेत म्हणून बारीकसारीक गोष्टी बदलल्यात.

आधी एक शब्दाचं. घरी मराठीत सांगताना पोरं सरळ 'आदिवासी' म्हणतात आणि मग नाशिकच्या आजीला व्हिडिओ कॉलवर वाटतं की नातू वारली शिकतोय. चूक असं नाही, पण मी इथं अबोरिजिनलच म्हणणार, आणि व्हिक्टोरियातले, म्हणजे मेलबर्न ज्या राज्यात येतं तिथले, अबोरिजिनल लोक स्वतःला कूरी म्हणवतात, तोही शब्द येईल.

प्लॅन काय होता

प्लॅन माझा नव्हताच. शेअर्ड फोल्डरमध्ये कुणीतरी कधीतरी टाकलेला, वर्षानुवर्षं सगळे तोच उघडतात. पहिला आठवडा नकाशा, दुसरा 'ड्रीमटाइम स्टोरी' (सृष्टी कशी झाली त्याच्या अबोरिजिनल गोष्टी) वाचायची आणि मग प्रत्येकानं स्वतःची एक रचायची, तिसरा डॉट पेंटिंग (साहित्य: कापसाच्या काड्या, तपकिरी कागद, चार रंग), चौथा पवित्र स्थळं, म्हणजे उलुरू, वाळवंटातला तो प्रचंड लाल खडक, त्याचं मातीचं मॉडेल, आणि शेवटचे दोन रोल मॉडेल, अबोरिजिनल धावपटू कॅथी फ्रीमनचं पोस्टर. मी वाचला आणि मला, खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं. साहित्य स्वस्त, मुलं खूश, बोर्ड भरतो.

पहिले दोन आठवडे छान गेले. एकानं गोष्ट रचली की कांगारूला पिशवी कशी मिळाली, एकीनं मॅग्पाय काळापांढरा का झाला ते लिहिलं, मी सगळ्यांना स्टिकर दिले.

तिसऱ्या आठवड्यात मंगळवारी लंचनंतर डॉट पेंटिंग. सगळे काड्या बुडवून ठिपके काढतायत आणि एक मुलगा, तसा शांत, नुसता बसलेला. मी जवळ गेले तर म्हणाला, "माझी नॅन (आजी) ठिपके काढत नाही. आमच्याकडं ईल असतात." ईल म्हणजे आपली वाम. शेजारचे दोघं फिसकन हसले. आणि मागच्या टेबलावरची मुलगी अगदी निरागसपणे म्हणाली, "मग तू खरा अबोरिजिनल नाहीयेस?"

मला तेव्हा कळलं की तो अबोरिजिनल आहे. ॲडमिशनच्या फॉर्मवर लिहिलेलं होतं, मी पाहिलेलं नव्हतं. आणि त्या गडबडीत मी दुसरी चूक केली, जी मला पहिलीपेक्षा जास्त लागली, मी उत्साहानं म्हटलं, "अरे वा, मग तूच सांग ना सगळ्यांना!" बावीस जोडी डोळे त्याच्याकडं. आठ वर्षांचं पोर. काडी खाली ठेवून टॉयलेटला जाऊ का म्हणाला आणि पंधरा मिनिटं आलाच नाही. समजा कॅनडातल्या एखाद्या वर्गात टीचरनं 'आज भारत' म्हणून सगळ्यांना राजस्थानी फेटे बांधले आणि कोकणातल्या एकुलत्या एक पोराला उभं करून म्हटलं, चल सांग तुमच्या फेट्याबद्दल. साधारण तसं.

संध्याकाळी त्याच्या आईला फोन केला. ती शांत होती, म्हणाली असं होतं. (हे 'असं होतं' मला झोपेपर्यंत आठवत राहिलं.) तिच्या माहेरचे लोक गुंडिच्मारा, व्हिक्टोरियाच्या नैऋत्य कोपऱ्यातले. तिची आई जवळच राहते, तिच्याशी बोला म्हणाली.

आजी

शुक्रवारी शाळा सुटताना आजी गेटवर भेटल्या. मी डायरी काढून तयार, सॉरी म्हणून झालं, प्लॅन दाखवला. त्यांनी पूर्ण वाचला, परत केला आणि विचारलं, "हे करायच्या आधी कुणाला विचारलं होतं का?"

कुणालाच नाही. व्हिक्टोरियात व्हीएईएआय म्हणून कूरी शिक्षणासाठीची संस्था आहे, ती कधीपासून सांगतेय की आधी स्थानिक लोकांशी बोला आणि मग वर्गात न्या. मला ते माहीत होतं, ट्रेनिंगमध्ये ऐकलेलं, स्लाइडवर होतं. पण शेअर्ड फोल्डर आपल्याला विचारायची गरजच ठेवत नाही ना.

मी विचारलं वर्गात याल का. त्या म्हणाल्या, येते, पण एल्डर म्हणून नाही. एल्डर हा मान समाजानं दिलेला असतो, वय झालं की आपोआप मिळत नाही. "नातवाची आजी म्हणून येते. आणि ही जमीन आमची नाही, इथल्या गोष्टी मी सांगणार नाही, आमच्याकडच्या सांगेन." हे मला एकदम नवीन. माझ्या डोक्यात 'अबोरिजिनल गेस्ट स्पीकर' असा एक रकाना होता, कोणीही आलं की भरला. म्हणजे उद्या कोणी सोलापूरच्या माणसाला गोव्याच्या शिगम्याबद्दल अधिकारवाणीनं बोलायला लावलं तर तो बिचारा काय बोलेल?

ऑस्ट्रेलियात २५० च्या वर भाषा होत्या, तेवढे समाज, तेवढे देश म्हणा. आमच्या शाळेजवळून जी वेरिबी नदी जाते ती स्वतःच जुनी सीमारेषा आहे, पश्चिमेला वाडावुरुंग, पूर्वेला बुनुरोंग आणि वुरुंजेरी. वेरिबी ह्या शब्दाचा अर्थ पाठीचा कणा. पोरं रोज त्या नावाच्या स्टेशनला उतरतात आणि आम्ही त्यांना शिकवत होतो दोन हजार किलोमीटरवरचं उलुरू, तेही मातीत.

ठिपक्यांचंही तसंच. आज जगभर अबोरिजिनल कला म्हणून जे ओळखलं जातं ते कॅनव्हासवरचं डॉट पेंटिंग १९७१ च्या आसपास ॲलिस स्प्रिंग्जच्या वायव्येला पापुन्या वस्तीत सुरू झालं, वाळवंटातल्या लोकांचं. वाळूवर, अंगावर काढायच्या जुन्या खुणा तिथल्या माणसांनी बोर्डावर उतरवल्या, मग लक्षात आलं की ह्यातलं काही बाहेरच्यांनी बघायचं नाहीये, तेव्हा ठिपक्यांचा एक उपयोग ते झाकायला झाला. हे वाचलं तेव्हा मी अक्षरशः डोक्याला हात लावला. झाकण्यासाठी काढलेले ठिपके आम्ही २३ मुलांकडून सजावट म्हणून काढून घेत होतो. आपल्याकडं वारलीचं काय वेगळं झालंय म्हणा, लग्नाच्या चौकातलं चित्र, सवाशिणींनी भिंतीवर काढायचं, ते आता कुंडीवर, साडीवर, सोसायटीच्या लिफ्टशेजारी. जिव्या सोमा मशे यांनी ते कागदावर आणलं ते वारली म्हणून, आपल्या माणसांचं म्हणून. आम्ही शाळेत काढायचो ते नुसतं त्रिकोण-त्रिकोण.

युनिट तिथंच थांबवलं. कागद टाकून नाही दिले, मुलांना खरं सांगितलं की मिसनं न विचारता सुरू केलं होतं, आता विचारून करूया. स्वतःची ड्रीमटाइम गोष्ट रचणं पण बंद. त्या गोष्टी कुणाच्या तरी असतात, त्यात कायदा असतो, नाती असतात, कुठल्या जागेशी कसं वागायचं ते असतं. एका मुलानं विचारलं मग माझी मॅग्पायची गोष्ट वाईट का, म्हटलं नाही रे, छानच आहे, पण ती तुझी गोष्ट आहे, तिला त्यांचं नाव नको द्यायला.

दोरी

आजी यायला दहा दिवस होते. तोपर्यंत मी दोरी आणली, आणि ह्या सगळ्या प्रकरणात माझ्या स्वतःच्या डोक्यातून आलेली हीच एक गोष्ट चांगली चालली. १ सेंटीमीटर म्हणजे १०० वर्षं. उत्तरेकडच्या माजेदबेबे गुहेतल्या उत्खननावरून माणसाचा वावर ६५,००० वर्षांपर्यंत मागे नेतात, म्हणजे दोरी साडेसहा मीटर, वर्गाच्या ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. मग मुलांनी कपड्यांचे चिमटे लावायचे. पिरॅमिड साधारण ४५ सेंटीमीटरवर. मराठी मुलांपैकी एकीनं शिवरायांचा राज्याभिषेक लावला, १६७४, साडेतीन सेंटीमीटर. आणि १७८८, इंग्रजांची जहाजं सिडनीला लागली ते, जेमतेम अडीच सेंटीमीटर, बोटाचं एक पेर. चिमटा लावायलाच जागा नाही, शिवाजी महाराजांच्या चिमट्याला धडकतोय. पोरं हसली आणि मग एकजण म्हणाला, "मिस, मग आपण इतिहासाच्या तासाला फक्त हे पेरच शिकतो का?" मी काही बोलले नाही, दोरी तशीच ठेवली टर्म संपेपर्यंत, क्लीनर वैतागला होता.

आजी आल्या तेव्हा त्यांनी त्या दोरीवर ६६ सेंटीमीटरला बोट ठेवलं. ६,६०० वर्षं, बुज बिम, त्यांच्या गुंडिच्मारा लोकांची जागा. ज्वालामुखीच्या लाव्हाचा दगड, त्यात त्यांच्या पूर्वजांनी चर खणले, बांध घातले, पाणी वळवलं आणि वाम पाळली, कूयांग म्हणतात तिला. पावसाच्या पाण्याबरोबर पिल्लं आत येतात, तळ्यात वाढतात, मोठी झाली की विणलेल्या टोपल्या लावून पकडायची, धुरावर सुकवायची. जवळ दगडी घरं. म्हणजे 'भटकत शिकार करणारे लोक' हे जे आपण सगळे शिकलो ते इथं सरळ खोटं ठरतं. २०१९ च्या जुलैमध्ये युनेस्कोच्या यादीत आलं, ऑस्ट्रेलियातलं फक्त अबोरिजिनल सांस्कृतिक मूल्यासाठी नोंद झालेलं पहिलं ठिकाण. आणि त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात (इकडं तो डिसेंबरला सुरू होतो) तिथं वणवा लागला, गवत जळालं तर खालून आणखी चर उघडे पडले, जे कुणी पाहिलेच नव्हते! मुलांना हा भाग सगळ्यात आवडला.

नातू तासभर एक शब्द बोलला नाही. आजीच्या खुर्चीला टेकून उभा होता फक्त. मीही त्याला काही विचारलं नाही.

सँडपिटमध्ये नंतर चार दिवस कालवे चालू होते. उतार किती ठेवायचा, पाणी परत कसं येत नाही, गणित-विज्ञान सगळं त्यात निघालं. (कूयांग मोठी झाली की अंडी घालायला पार कोरल समुद्रापर्यंत पोहत जाते, हे ऐकल्यावर भूगोलही.) ईलची चित्रं काढू का असं मुलांनी आजींना विचारलं, त्या म्हणाल्या ईल काढा, मासा कुणाच्या मालकीचा नाही, पण टोपलीच्या विणीची नक्षी कॉपी करू नका.

उलुरूचा फोटो

उलुरू मी वगळणार होते, पण ते आपल्या पायांनी चालत आलं. एका मराठी मुलानं 'शेअरिंग'ला घरून फोटो आणला, फ्रेमसकट. बाबा उलुरूच्या माथ्यावर, हात वर करून, टोपी, घामाघूम. २०१४ चा. भयंकर अभिमान. आणि तोपर्यंत वर्गाला जरा जरा कळायला लागलेलं, त्यामुळे हात वर झालेच, "मिस, तिथं चढायचं नसतं ना?"

मी मुलांना तारखा सांगितल्या. २६ ऑक्टोबर १९८५ ला सरकारनं उलुरू अनांगू लोकांना परत दिलं, त्यांनी ते ९९ वर्षांच्या करारानं नॅशनल पार्कला चालवायला दिलं. चढू नका अशी विनंती त्यांची कित्येक वर्षं पायथ्याशी पाटीवर होती, पण बंदी नव्हती, लोक पाटी वाचून चढायचे. बंदी आली २६ ऑक्टोबर २०१९ ला, मुद्दाम त्याच तारखेला. ३४८ मीटर उंच खडक, चढताना तीसच्या वर माणसं मेलीत, आणि अनांगूंच्या मनात त्याचंही ओझं, की आपल्या जागेत पाहुणा मेला. पायथ्याला काही भागांत फोटो काढायचा नाही अशा पाट्या आहेत, त्यांच्यासाठी तिथला दगड पोथीसारखा, ती जिथं आहे तिथंच आणि ज्याचा अधिकार त्यानंच वाचायची. मग मी म्हटलं, ह्याचे बाबा गेले तेव्हा परवानगी होती, ते चोरून चढले नव्हते. मला वाटलं मी फार छान सांभाळलं.

कसलं काय. पोरगा घरी जाऊन म्हणाला, बाबा तुम्ही चुकलात. रात्री पावणेअकराला मेल. भाषा सभ्य पण तापलेली. दुसऱ्या दिवशी गेटवर भेटले, आणि आम्ही दोघं मराठीत बोलायला लागल्यावर मेलमधला तो सूर जरा उतरला. "मॅडम, आम्ही नाशिकचे. डोंगर दिसला की चढायचा हे रक्तातच आहे हो. गडावर गेलो आणि खालूनच नमस्कार करून आलो असं कोण करतं? चढणं म्हणजे मानच दिला ना मी." आणि मला त्यांचं पटलं, म्हणजे खरंच पटलं, रायगड, जोतिबा, हरिश्चंद्रगड, आपण पाय दुखवून घेतो तेव्हाच दर्शन झाल्यासारखं वाटतं. हे इथल्या टीचरला सांगून समजणार नाही आणि मला न सांगता समजतं, म्हणूनच मी अडकले.

मी काहीच बोलले नाही. मग तेच थोडा वेळ गप्प राहून म्हणाले, "नाही म्हणजे... सप्तशृंगीला वरच्या शिखरावर आपण नाही जात." देवीच्या वर जे शिखर आहे तिथं ध्वज लावायचा मान दरेगावच्या गवळी घराण्याचा, वर्षातून दोनदा, रात्री जातात, बाकी कोणी जात नाही. "कुठनं जातात, कसे जातात, विचारायचं पण नसतं. आजोबा सांगायचे."

मी विचारलं, हे वर्गात येऊन सांगाल? आधी नाही म्हणाले, ऑफिस आहे. मग शुक्रवारी आले. पाच मिनिटं बोलले असतील, मोडक्या-तोडक्या उदाहरणांनी, आणि मुलांनी जे प्रश्न विचारले ते मी महिनाभर शिकवून आले नव्हते. वर काय आहे? माहीत नाही. तुम्हाला बघावंसं नाही वाटत? वाटतं. मग? मग काय, नाही जात. एका मुलीनं विचारलं ड्रोननं बघितलं तर? ह्यावर ते आणि मी एकमेकांकडं बघत राहिलो.

इथं एक सांगते, ह्या तुलनेला मर्यादा आहे. सप्तशृंगीला अडवणारे आणि अडणारे एकाच समाजाचे, एकाच देवीचे. उलुरूवर चढणाऱ्यानं तिथल्या लोकांची जमीन आधी घेतली, नाव बदललं, १८७३ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या एका बड्या सरकारी माणसाचं नाव देऊन 'एअर्स रॉक' केलं, आणि मग शंभर वर्षांनी परत देताना उपकार केल्यासारखं दिलं. मुलांना एवढं सगळं नाही सांगितलं, पण दोन्ही सारखंच असंही म्हटलं नाही.

ह्याच्यामुळं जवळची जागा शिकवणं सोपं गेलं. आमच्या शाळेपासून गाडीनं फार लांब नाही, लिटल रिव्हरच्या बाजूला, वुर्डी योआंग नावाची दगडांची मांडणी आहे. शंभरेक बसाल्टचे दगड, अंड्याच्या आकारात, साधारण ५० मीटर लांब. वाडावुरुंग लोकांची. संशोधकांनी मोजमापं केलीत, काही दगडांच्या रेषा सगळ्यात लांब आणि सगळ्यात लहान दिवसाच्या सूर्यास्ताकडं जातात असं दिसतं. तिथं सहल नेता येत नाही, नेमकी जागा जाहीर केलेली नाही. आधीच्या वर्षी मी हे 'दाखवता येत नाही म्हणून नको' असं करून सोडून दिलं असतं. आता मुलांनी मैदानात शंकूंनी सूर्यास्ताची दिशा दर आठवड्याला मार्क केली आणि ती कशी सरकते ते बघितलं, खऱ्या जागेचा गुगल मॅप एकानंही मागितला नाही. त्याउलट यू यँग्ज डोंगरातला तो दगडी मोठा गरुड, बुंजिल, मला स्वतःला कित्येक वर्षं प्राचीन वाटायचा, तो २००६ च्या कॉमनवेल्थ गेम्सच्या वेळी एका शिल्पकारानं केलाय. मी वर्गात कबूल केलं, पोरांना फार मजा वाटली.

जुकान गॉर्ज घ्यावं का ह्यावर मी खूप विचार केला. आठ-नऊ वर्षांची मुलं. शेवटी दोरीवर घेतलं, ४६,००० वर्षं म्हणजे ४ मीटर ६० सेंटीमीटरवर चिमटा, आणि सांगितलं की इतकी जुनी वस्ती असलेल्या ह्या गुहा पश्चिम ऑस्ट्रेलियात पिलबरा भागात होत्या, २०२० च्या मे महिन्यात एका खाण कंपनीनं लोखंडाच्या खनिजासाठी सुरुंग लावून उडवल्या. तिथं ४,००० वर्षांपूर्वीचा माणसाच्या केसांचा विणलेला पट्टा सापडला होता, त्याचा डीएनए आजच्या तिथल्या लोकांशी जुळतो. मुलांचा पहिला प्रश्न, "पोलिसांनी पकडलं का?" नाही, कायद्यानं परवानगी होती. ह्यावर वर्ग असा काही गोंधळला की मी पुढचं, चौकशी झाली, कंपनीच्या प्रमुखाला जावं लागलं, वगैरे सांगितलं पण ते कुणी ऐकत नव्हतं. 'परवानगी होती पण विचारलं नव्हतं' असं एकानं वहीत लिहिलं. हे वाक्य त्यांचं त्यांनी काढलं.

रोल मॉडेल

कॅथी फ्रीमन वाईट आहे असं कोण म्हणेल, सिडनी २०००, ४०० मीटर, ४९.११ सेकंद, मी आजही व्हिडिओ लावला की रडते. पण पोस्टर म्हटलं की दरवर्षी कॅथी फ्रीमन, आणि मुलांच्या डोक्यात बसतं की अबोरिजिनल माणूस एकतर दगडाच्या काळात असतो नाहीतर पळत असतो.

आम्ही मुलांच्या रोजच्या रस्त्यावर शोधलं. वेरिबी लाइनवर फूटस्क्रे स्टेशन लागतं, तिथल्या पादचारी पुलाला विल्यम कूपर यांचं नाव आहे, माझ्या वर्गातली अर्धी मुलं त्यावरून गेलीत. कूपर हे योर्टा योर्टा. सरकारी वस्तीवर राहिलं तर म्हातारपणाचं पेन्शन मिळत नाही म्हणून सत्तरीत फूटस्क्रेला राहायला आले. इंग्लंडच्या राजाला पाठवायला १,८१४ सह्यांचा अर्ज जमवला, की आमच्या समाजाचा माणूस पार्लमेंटात हवा, तो सरकारनं पुढं पाठवलाच नाही. आणि ६ डिसेंबर १९३८ ला, जर्मनीत ज्यू लोकांवर हल्ले झाले त्याची बातमी पेपरात वाचून, हे सत्तरीच्या पुढचे गृहस्थ सोबत्यांना घेऊन मेलबर्नमधल्या जर्मन वकिलातीत निषेधाचं पत्र द्यायला गेले. पत्र घेतलं नाही त्यांनी. ज्याला स्वतःच्या देशात धड हक्क नाहीत तो दुसऱ्या खंडातल्या लोकांसाठी चालत जातो, हे मुलांना समजायला मला काही वेगळं करावं लागलं नाही. पूल त्यांचा रोजचाच.

दुसरं नाव क्रिकेटनं आणलं. माझ्या वर्गात क्रिकेटवेडी सात-आठ पोरं. विचारलं, डिसेंबर २०२० च्या बॉक्सिंग डे टेस्टला मॅन ऑफ द मॅच कोण? एका मराठी पोरानं घरी बाबांना विचारून दुसऱ्या दिवशी उत्तर आणलं, अजिंक्य रहाणे, ११२, ॲडलेडला ३६ ऑलआउट झाल्यावरची ती मॅच. बरोबर. आणि त्याला गळ्यात काय घातलं? मुलाघ मेडल. रहाणे पहिला मानकरी. हा मुलाघ कोण?

जॉनी मुलाघ, खरं नाव उनारिमिन, जारद्वाजली, पश्चिम व्हिक्टोरियाच्या मेंढ्यांच्या फार्मवर काम करणारा. १८६६ च्या बॉक्सिंग डेला अबोरिजिनल टीम एमसीजीवर, म्हणजे मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर खेळली, आणि १८६८ मध्ये इंग्लंडला गेली. ऑस्ट्रेलियातून परदेशी दौऱ्यावर गेलेली ही पहिली क्रिकेट टीम, आपण ज्यांना पहिले समजतो त्या गोऱ्या टीमच्या कितीतरी आधी. ४७ मॅचेस, १४ जिंकल्या, १४ हरल्या, १९ ड्रॉ. मुलाघनं १,६९८ रन आणि २४५ विकेट. ते मेडल म्हणजे त्या टीमच्या पट्ट्याच्या बकलची प्रतिकृती. एक खेळाडू, किंग कोल म्हणायचे त्याला, आजारी पडून लंडनमध्येच गेला. आणि परत आल्यावर १८६९ मध्ये व्हिक्टोरियानं कायदा केला, अबोरिजिनल माणसानं कुठं राहायचं, कुठं काम करायचं ते एक सरकारी बोर्ड ठरवणार. म्हणजे दुसरा दौरा विसराच.

त्या टीममधले काही खेळाडू गुंडिच्मारा होते. हे मी वर्गात म्हटलं, सहज, त्या मुलाकडं न बघता. दोन दिवसांनी रिसेसला तो मैदानात बॉलिंग टाकत होता आणि कुणीतरी त्याला मुलाघ म्हणत होतं. तो म्हणाला, "नको, मी बोलंड." स्कॉट बोलंड, गुलिद्जान, एमसीजीवर पहिल्याच टेस्टमध्ये इंग्लंडच्या सहा विकेट सात रनांत, मुलाघ मेडल त्यालाही मिळालं. आमच्या दोन भारतीय पोरांनी बुमराह सोडून बोलंडची ॲक्शन घेतली, ह्यापेक्षा मोठं असेसमेंट मला करता येत नाही.

काय जमलं नाही

बरंच. एका पालकांनी विचारलं, आमची मुलं मराठी वाचू शकत नाहीत आणि तुम्ही ह्यांचा इतिहास एवढा शिकवता. मी त्यांना दोरीवरचा शिवरायांचा चिमटा दाखवला, त्यांना तो फार काही भावला नाही. एका मुलीनं विचारलं की २०२३ च्या व्हॉइस रेफरन्डमला (पार्लमेंटला सल्ला देणारं मूळ रहिवाशांचं मंडळ घटनेत आणायचं का, ह्यावरचं मतदान) घरी सगळ्यांनी 'नो' दिलं मग आम्ही वाईट का, आणि मी मतदान गुप्त असतं वगैरे म्हणून वेळ मारून नेली. टोरेस स्ट्रेट पूर्ण राहून गेलं, तिथल्या जमिनीच्या हक्कासाठी कोर्टात लढलेल्या एडी माबोचं नाव ३ जूनला असेंब्लीत घेतलं तेवढंच. आणि आजी सांगून गेल्या होत्या की वर्गासाठी येणाऱ्या माणसाच्या वेळेचे पैसे द्यायचे असतात, ते ऑफिसकडून निघायला टर्म संपली तरी निघाले नव्हते, मला लाज वाटून मी केक घेऊन गेले त्यांच्याकडं. केक घेतला. इन्व्हॉइस पण परत हातात दिलं.

फ्रेममधला फोटो म्हणे अजून हॉलमध्येच आहे, मुलगा सांगत होता, पण पाहुणे आले की बाबा आता बरोबर सप्तशृंगीची गोष्ट पण सांगतात, आईला पाठ झालीये.

ह्या टर्मला शेअर्ड फोल्डर उघडलं तर तिसऱ्या आठवड्यात अजून तेच, साहित्य: कापसाच्या काड्या, तपकिरी कागद, चार रंग. मी बाजूला कॉमेंट टाकलीय, 'हे कुणाला विचारलंय का?' फेब्रुवारीत टाकली, अजून कुणी रिप्लाय दिलेला नाही.